अणुवैद्यकांतील तंत्रज्ञ व त्याचें शिक्षण

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें दरवर्षीं एकच प्रश्न उभा राहतो. तो हा कीं, आतां पुढें काय? या प्रश्नाचीं उत्तरेंही बहुधा ठरलेलीं असतात. ज्यास गुण पुष्कळ मिळाले त्यानें डॉक्टर अथवा इंजिनियर व्हावें, आणि ज्यास तितके मिळाले नाहींत त्यानें आपल्या नशिबास बोल लावीत बसावें! जणूं काय या दोन वाटांवांचून जगांत तिसरी वाटच नाहीं. वास्तविक पाहतां एकादें मोठें रुग्णालय केवळ डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या बळावर चालत नाहीं. त्याच्या भिंतींआड शेंकडों कुशल हात राबत असतात, आणि त्या कामांचीं नांवेंही आपणांस ठाऊक नसतात. अशाच एका व्यवसायाची माहिती या लेखांत देण्याचें योजिलें आहे. तो व्यवसाय म्हणजे अणुवैद्यकांतील तंत्रज्ञाचा. इंग्रजींत त्यास 'न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट' असें म्हणतात.

अणु हा शब्द ऐकतांच १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी या शहरांची जी दशा झाली ती डोळ्यांपुढें उभी राहते, आणि 'अणु' व 'वैद्यक' हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात याचें नवल वाटतें. परंतु जो अग्नि घर जाळतो तोच चुलींत राहून अन्न शिजवितो. तशीच अणूच्या शक्तीची गोष्ट आहे. कांहीं अणु स्वभावतःच अस्थिर असतात. ते आपल्याजवळची जादा शक्ति किरणांच्या रूपानें बाहेर टाकून स्थिर होऊं पाहतात. यासच किरणोत्सर्ग म्हणतात. आंरी बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास १८९६ सालीं युरेनियमच्या ठिकाणीं हा गुण आढळला, आणि १८९८ सालीं मेरी व पिएर क्युरी या दंपतीनें पोलोनियम व रेडियम हीं दोन नवीं मूलद्रव्यें शोधून काढलीं. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत; पण योग्य उपकरण जवळ असल्यास अत्यल्प द्रव्याचाही त्यांवरून पत्ता लागतो.

या गुणाचा उपयोग एकाद्या पदार्थाचा माग काढण्याकडे करतां येईल, ही कल्पना हंगेरींत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांची. त्यांच्याविषयीं एक मौजेची गोष्ट सांगतात. १९११ च्या सुमारास ते मँचेस्टर येथें एका बाईच्या घरीं भाड्यानें राहत व तेथेंच जेवत असत. ताटांत उरलेलें अन्न ही बाई पुढच्या दिवसांच्या पदार्थांत मिसळते असा त्यांस संशय होता. बाई मात्र तें नाकबूल करी. तेव्हां एके दिवशीं त्यांनीं आपल्या उरलेल्या अन्नांत किंचित् किरणोत्सारी द्रव्य टाकून ठेविलें, आणि कांहीं दिवसांनीं वाढलेल्या पदार्थाची उपकरणानें परीक्षा करतांच बाईंची लबाडी उघडकीस आली! विनोद सोडून दिला तरी अणुवैद्यकाचें सारें तत्त्व या गोष्टींत आलें आहे. पदार्थास खूण करावी व तो कोठें जातो तें बाहेरून पाहावें, एवढेंच. मार्गदर्शक द्रव्यांच्या या पद्धतीबद्दल हेवेशी यांस १९४३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कोणी विचारील कीं, शरीराचें अंतरंग पाहण्यास क्ष-किरण असतां हा नवा खटाटोप कशास? त्याचें उत्तर असें. क्ष-किरण यंत्रांतून निघून शरीराच्या आरपार जातात व पलीकडे त्याची छाया पाडतात. अणुवैद्यकांत किरण बाहेरून आंत जात नाहींत. ते आंतून बाहेर येतात. औषध बहुधा रोग्याच्या शिरेंत टोचलें जातें, तें ठराविक अवयवांत जाऊन बसतें, आणि तेथून निघणारे किरण बाहेरचें यंत्र टिपून घेतें. क्ष-किरणांचें चित्र म्हणजे घराचा नकाशा होय. भिंती किती, दारें कोठें, हें त्यावरून कळतें. परंतु घरांत माणसें आहेत कीं नाहींत, चूल पेटली आहे कीं विझली आहे, हें नकाशावरून कसें कळावें? तें अणुवैद्यकाच्या चित्रावरून कळतें. मूत्रपिंड जागेवर दिसतें. पण तें काम करितें काय? हृदयाचा स्नायु शाबूत दिसतो. पण त्याच्या प्रत्येक भागास रक्त पोंचतें काय? अशा प्रश्नांचीं उत्तरें येथें मिळतात.

थायरॉइड ग्रंथीचें उदाहरण घेऊं. ही ग्रंथि आपल्या कंठांत असते व तिला आयोडीन लागतें. म्हणूनच आपण आयोडीनयुक्त मीठ खातों. आतां साधें आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतील भेद ग्रंथीस कळत नाहीं. ती दोन्ही सारख्याच आवडीनें ओढून घेते. थोडें किरणोत्सारी आयोडीन दिलें तर ग्रंथीचें चित्र निघतें. अधिक दिलें तर त्याच्या किरणांनीं रोगट पेशींचा नाश होतो. १९४१ सालीं बॉस्टन येथें डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं थायरॉइडच्या रोग्यावर या उपायाचा प्रथम प्रयोग केला, आणि आज आयोडीन-१३१ हें द्रव्य थायरॉइडच्या अतिरेकावर व कर्करोगावर जगभर दिलें जातें. एकच द्रव्य दिवा होऊन रोग दाखवितें आणि शस्त्र होऊन त्यास मारितें, असा हा प्रकार आहे.

नित्याच्या तपासणींत मात्र सर्वांत अधिक उपयोग होतो तो टेक्नेशियम-९९एम या द्रव्याचा. टेक्नेशियम हें मनुष्यानें कृत्रिम रीतीनें प्राप्त करून घेतलेलें पहिलें मूलद्रव्य. इटलींत १९३७ सालीं तें प्रथम ओळखण्यांत आलें, आणि त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थच 'कृत्रिम' असा आहे. टेक्नेशियम-९९एमचें अर्धायुष्य सुमारें ६ तासांचें आहे. म्हणजे सकाळीं ७ वाजतां जितकें असेल त्याचें निम्में दुपारीं १ वाजतां उरतें, पाव हिस्सा सायंकाळीं ७ वाजतां उरतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ७ वाजतां केवळ सोळावा हिस्सा शिल्लक राहतो. रोग्याच्या दृष्टीनें हें फार हिताचें. तपासणी होईपर्यंत द्रव्य टिकतें, आणि काम झाल्यावर लवकर नाहींसें होतें.

परंतु जें द्रव्य ६ तासांत निम्में होतें तें दूरच्या शहरीं पाठवावें कसें? येथें शास्त्रज्ञांनीं एक युक्ति योजिली आहे. मॉलिब्डेनम-९९ या द्रव्याचें अर्धायुष्य सुमारें ६६ तासांचें असतें व त्यापासून टेक्नेशियम आपोआप उत्पन्न होत राहतें. म्हणून शिशाच्या जाड कवचांतील लहानशा नळींत ॲल्युमिनावर मॉलिब्डेनम बसवून ती पेटी रुग्णालयाकडे पाठवितात. रोज सकाळीं तिच्यांतून मिठाचें निर्जंतुक पाणी ओढलें म्हणजे टेक्नेशियम त्या पाण्यांत उतरतें व मॉलिब्डेनम मागें राहतें. या पेटीस तंत्रज्ञ लोक विनोदानें 'गाय' म्हणतात, व या क्रियेस 'दूध काढणें' म्हणतात. ही गाय सुमारें आठवडाभर दूध देते, मग आटते, आणि नवी आणावी लागते.

किरण टिपणाऱ्या यंत्रास गॅमा कॅमेरा म्हणतात. हाल अँगर या अमेरिकन संशोधकानें तो १९५७ च्या सुमारास तयार केला. त्यांत सोडियम आयोडाइडचा एक मोठा स्फटिक असतो. गॅमा किरण त्यावर आदळला कीं प्रकाशाची एक सूक्ष्म ठिणगी उडते, आणि मागें बसविलेल्या नळ्या ती ठिणगी कोठें उडाली याची नोंद घेतात. स्फटिकासमोर शिशाची एक जाळी असते; तिला मधमाशांच्या पोळ्यासारखीं हजारों बारीक छिद्रें असतात. त्यामुळें सरळ येणारे किरणच आंत शिरतात व तिरपे अडविले जातात. अशा लक्षावधि ठिणग्या जमवून संगणक चित्र रेखाटतो. याहून नवी पद्धति पेट या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत फ्लोरिन-१८ हें द्रव्य साखरेसारख्या रेणूस जोडून टोचतात. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी साखर अधाशीपणानें खातात. म्हणून त्या चित्रांत उजळून दिसतात. या द्रव्याचें अर्धायुष्य तर अवघें ११० मिनिटांचें आहे!

आतां तंत्रज्ञाचा दिवस कसा जातो तें पाहूं. तो बहुधा रोग्यांच्या आधीं येतो. प्रथम प्रयोगशाळेंत व टेबलांवर कोठें किरणोत्सारी द्रव्य सांडलेलें नाहीं ना, हें मापकानें पाहतो. मग कॅमेरा बरोबर चालतो कीं नाहीं याची परीक्षा करितो. कारण यंत्रांत दोष असला तर निरोगी माणसाच्या चित्रांत रोग दिसेल, किंवा रोग्याचा रोग लपून राहील. त्यानंतर 'दूध' काढून त्यांत मॉलिब्डेनमचा अंश तर उतरला नाहीं ना, हें तपासतो. मग तें टेक्नेशियम निरनिराळ्या औषधांच्या कुप्यांत मिसळतो. हाडांसाठीं एक औषध, हृदयासाठीं दुसरें, मूत्रपिंडांसाठीं तिसरें. टेक्नेशियम तेंच, पण त्याला ज्या औषधाच्या गाडींत बसवावें त्या गांवीं तें उतरतें. प्रत्येक मात्रा टोचण्यापूर्वीं मापून वहींत नोंदावी लागते.

गणिताचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें कान टंवकारावे. समजा, हाडांच्या तपासणीसाठीं एका रोग्यास सकाळीं १० वाजतां २० मिलिक्यूरी मात्रा द्यावयाची आहे, आणि तंत्रज्ञ ती ७ वाजतां भरून ठेवीत आहे. त्यानें ती किती भरावी? तीन तास म्हणजे अर्धायुष्याचा अर्धा भाग. म्हणून २० ला २ च्या वर्गमूळानें, म्हणजे सुमारें १.४१ नें गुणावें लागतें. उत्तर येतें सुमारें २८ मिलिक्यूरी. आतां रोग्याची बस वाटेंत बंद पडली व तो १ वाजतां आला, तर त्याच सुईंत १४ मिलिक्यूरीच उरतील. तेव्हां सगळा हिशेब नव्यानें मांडावयास हवा. एक मिलिक्यूरी म्हणजे दर सेकंदास ३ कोटी ७० लक्ष अणूंचें विघटन. एवढ्या मोठ्या संख्यांचा व्यवहार ज्याच्या हातीं आहे त्यास दशांश चिन्ह इकडचें तिकडे करून कसें चालेल? वर्गांत ज्या घातांकांस व लॉगॅरिथमांस तुम्ही 'याचा पुढें उपयोग काय?' असें विचारतां, त्यांचा उपयोग हा असा आहे.

परंतु हें काम केवळ कुप्यांचें व आंकड्यांचें नव्हे. हाडांच्या तपासणींत टोचल्यावर सुमारें तीन तास थांबावें लागतें, पाणी भरपूर प्यावें लागतें, आणि मग यंत्राखालीं अर्धा तास निश्चल पडून राहावें लागतें. खेड्यांतून आलेली एकादी वृद्ध बाई 'अणूचें इंजेक्शन' हे शब्द ऐकूनच घाबरून जाते. अशा वेळीं तिच्या भाषेंत तिला धीर देणें, काय होणार व काय होणार नाहीं हें सांगणें, हें काम तंत्रज्ञाचें आहे. डॉक्टर मागाहून चित्र पाहतात. रोग्याजवळ उभा असतो तो तंत्रज्ञच. चांगला तंत्रज्ञ रोग्यास 'तुम्हीच अमके ना?' असें विचारीत नाहीं. कारण भ्यालेला किंवा कानानें अधू मनुष्य कशासही होकार देतो. तो 'आपलें नांव काय?' असें विचारतो, आणि रोग्याच्या तोंडून नांव ऐकून तें कागदाशीं ताडून पाहतो. स्त्रियांना गर्भ आहे काय, अंगावर पाजणारें मूल आहे काय, हेंही तो अदबीनें विचारून घेतो. एवढ्याशा गोष्टीवर कोणाचें तरी हित अवलंबून असतें.

येथपर्यंत वाचून पालकांच्या मनांत जी शंका आली असेल तिच्याकडे आतां वळूं. 'हें सर्व ठीक. पण आमच्या मुलामुलींनीं जन्मभर किरणांत कां राहावें?' ही शंका वेडगळ नाहीं. किरणोत्सर्गाचा इतिहास दुःखद प्रसंगांनीं भरलेला आहे. अमेरिकेंत १९१७ नंतरच्या वर्षांत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावण्याच्या कामीं तरुण मुली ठेवीत असत. त्या कुंचल्याचें टोंक ओठांनीं अणकुचीदार करीत, आणि त्याबरोबर रेडियम पोटांत जाई. त्यांतील कित्येकींच्या जबड्याचीं हाडें सडलीं व कित्येकी मरण पावल्या. मेरी क्युरी यांसही १९३४ सालीं रक्ताच्या ज्या विकारानें मृत्यु आला, तो दीर्घकाळ किरणांच्या सान्निध्यांत राहिल्यामुळें जडला असें मानतात. आज जे नियम आहेत ते अशा बळींच्या किंमतीनें शिकलेले नियम आहेत. म्हणून भय टाकून द्यावें, पण सावधपणा टाकूं नये, हाच योग्य मार्ग होय.

सावधपणाचीं सूत्रें तीन आहेत: वेळ, अंतर आणि आडोसा. किरणोत्सारी द्रव्याजवळ जितका कमी वेळ जाईल तितकें चांगलें. म्हणून शिकाऊ तंत्रज्ञाकडून प्रथम साध्या पाण्यावर हाताची सफाई करून घेतात. अंतर दुप्पट केलें कीं किरणांची तीव्रता चतुर्थांश होते; म्हणून कुप्या चिमट्यानें धरावयाच्या. टेक्नेशियमचे किरण शिशाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रा निम्मे अडवितो. पेटमधील किरणांस मात्र तेवढ्याचसाठीं चार-पांच मिलिमीटर जाडी लागते. याशिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यांतील चकत्या त्याच्या शरीरास किती किरण लागले तें सांठवून ठेवतात, आणि दर तीन महिन्यांनीं बिल्ला तपासणीस जातो. हा बिल्ला म्हणजे त्या माणसाची हिशेबाची वहीच होय.

आपल्या देशांत १९८३ सालीं स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ या सर्वांवर देखरेख ठेवितें. मंडळाच्या नियमाप्रमाणें अशा कर्मचाऱ्यास सलग ५ वर्षांत सरासरीनें दरसाल २० मिलिसिव्हर्टपेक्षां अधिक किरण लागतां कामा नयेत, व कोणत्याही एका वर्षीं ३० च्या वर आंकडा जातां कामा नये. तुलनेसाठीं हें ध्यानांत घ्यावें कीं, जमिनींतून, आकाशांतून व अन्नपाण्यांतून मनुष्यमात्रास निसर्गतःच दरसाल सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण लागत असतात. नीट चालविलेल्या विभागांत काळजीनें काम करणाऱ्याचा आंकडा ठरलेल्या मर्यादेच्या बराच खालीं राहतो. मुलींच्या पालकांसाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. स्त्री कर्मचाऱ्यानें आपण गर्भवती असल्याचें कळविलें म्हणजे तिचें काम असें बदलून द्यावें लागतें कीं, पोटांतील बाळास उरलेल्या काळांत १ मिलिसिव्हर्टपेक्षां अधिक किरण लागूं नयेत. सारांश, मुलींस या वाटेला जाऊं न देण्याचें कारण मला दिसत नाहीं; नियम न पाळणाऱ्या जागीं जाऊं न देण्याचें कारण मात्र मुलगा व मुलगी दोघांनाही सारखेंच लागू आहे.

या शिक्षणाची सुरुवात आमच्याच शाळेंत होते, असें म्हटलें तर अतिशयोक्ति नव्हे. दहावीनंतर विज्ञान शाखा घेऊन भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय मन लावून शिकावे. गणित सोडून देण्याची घाई करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. बारावीनंतर दोन वाटा फुटतात. पहिली वाट अणुवैद्यक तंत्रविद्येच्या बी. एस्सी. पदवीची. तींत बहुधा तीन वर्षें अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष उमेदवारी असते. दुसरी वाट अशी कीं, प्रथम विज्ञानाची साधी पदवी घ्यावी व मागून याच विषयांत एम. एस्सी. करावें, किंवा पदव्युत्तर पदविका मिळवावी. ज्यांच्या घरची स्थिति बेताची आहे त्यांस दुसरी वाट कित्येकदां सोयीची पडते. कारण साधी पदवी जवळच्या कॉलेजांत थोडक्या खर्चांत मिळते, आणि तोंवर मुलाचें मनही पक्कें होतें.

अभ्यासांत काय काय असतें? शरीररचना व शरीरव्यापार, अणूचें भौतिकशास्त्र, किरणमापक यंत्रें, किरणोत्सारी औषधें बनविण्याची व तपासण्याची रीत, संगणकावर चित्रें घडविणें, किरणांपासून संरक्षण, आणि या सर्वांच्या जोडीला रोग्यांमध्यें प्रत्यक्ष काम. आयोडीनची मोठी मात्रा दिलेल्या रोग्यास निराळ्या खोलींत ठेवावें लागतें, व त्याच्या मलमूत्राचें पाणीही टाक्यांत साठवून, त्यांतील किरणोत्सर्ग ओसरल्यावरच सोडावें लागतें. हेंही शिक्षण त्यांत येतें. अनुभव मिळाल्यावर पुढील परीक्षा देऊन किरणसुरक्षा अधिकारी होतां येतें. प्रत्येक विभागास असा मान्यताप्राप्त अधिकारी लागतोच.

या विद्येचें भारतांतील एक मोठें पीठ आपल्या मुंबईंतच आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. तुर्भें येथें १९५६ सालीं अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि देशांत किरणोत्सारी द्रव्यें तयार होऊं लागलीं. पुढें १९६३ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरांत रेडिएशन मेडिसिन सेंटर ही संस्था निघाली. पेटसाठीं लागणारीं द्रव्यें बनविणारें सायक्लोट्रॉन यंत्र वैद्यकाच्या कामीं भारतांत प्रथम बसलें तें याच संस्थेंत, २००२ सालीं. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या विद्यमानें मुंबईंत या विषयाचा एम. एस्सी. अभ्यासक्रम चालतो. मुंबईबाहेर दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर संस्था आणि मणिपाल येथेंही हें शिक्षण मिळतें. डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं वेल्लोर येथें एका खाटेवर ज्या दवाखान्याचा आरंभ केला, त्याच ख्रिस्ती रुग्णालयांत आज अणुवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. लहानशा बीजाचा वृक्ष कसा होतो याचें हें उदाहरण आमच्यासारख्या मिशनच्या शाळेनें विसरूं नये.

आतां पालकांस एक कळकळीची सूचना. या विषयाचें नांव भारदस्त आहे, आणि जेथें भारदस्त नांव असतें तेथें त्याचा बाजार मांडणारेही असतात. जाहिरात पाहून फी भरूं नका. प्रवेश घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्या. हा अभ्यासक्रम नियामक मंडळास मान्य आहे काय? विद्यापीठाची पदवी खरोखर मिळणार काय? आणि संस्थेपाशीं स्वतःचा चालू अणुवैद्यक विभाग, म्हणजे कॅमेरा, औषधें बनविण्याची प्रयोगशाळा व रोजचे रोगी, आहेत काय? ज्या विद्यार्थ्यानें पेटी उघडून स्वतः कधीं 'दूध' काढलें नाहीं, त्याच्या प्रमाणपत्राचा कागद कितीही जाड असला तरी उपयोग काय? मंडळाच्या नियमांत न बसणारें प्रमाणपत्र हातीं आलें, तर मुलाचीं वर्षें व बापाची पुंजी दोन्ही वायां जातात. मंडळाकडे चौकशी करण्यास एक पत्र पुरतें. २०२१ सालच्या सहयोगी आरोग्य व्यवसायांविषयींच्या कायद्यानें या तंत्रज्ञांच्या व्यवसायास स्पष्ट मान्यता दिली आहे, हेंही ध्यानांत ठेवावें.

या व्यवसायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा तंत्रज्ञ डॉक्टर नव्हे. चित्र काढणें त्याचें काम. त्याचा अर्थ सांगणें डॉक्टरांचें. रोग्याच्या नातलगांनीं कितीही आग्रह केला तरी त्यानें आपल्या अधिकाराची रेषा ओलांडतां कामा नये. हीं यंत्रें फार महाग असल्यामुळें नोकऱ्या मुख्यतः मोठ्या शहरांतच मिळतात. घर सोडण्याची तयारी लागते. आणि येथें वाहवा थोडी. बरा झालेला रोगी डॉक्टरांचे पाय धरतो. ज्यानें पहाटे उठून औषध तयार केलें त्याचें नांवही त्यास ठाऊक नसतें.

परंतु विद्यार्थिमित्रहो, ज्यास लोकांच्या स्तुतीवांचून काम करवत नाहीं त्यानें रुग्णसेवेच्या वाटेस जाऊंच नये. प्रामाणिकपणाची कसोटी या व्यवसायांत क्षणोक्षणीं लागते. मात्रा मोजली कीं नुसतीच वहींत लिहिली, यंत्र तपासलें कीं तपासल्याची खूण केली, हें त्या वेळीं दुसरा कोणी पाहत नसतो. किरण दिसत नाहींत, आणि हयगयही दिसत नाहीं. दोहोंचा परिणाम मात्र मागाहून दुसऱ्याच्या शरीरावर दिसतो. शुभवर्तमानांत ज्या चाकरांस धन्यानें रुपये सोंपवून दिले त्यांचा दाखला आपण वाचला आहे. प्रत्येकास सारखेंच दान मिळत नाहीं. परंतु जें मिळालें त्याचा हिशेब प्रत्येकाकडे मागितला जातो. तुमच्यांतील ज्यास गणिताची व रसायनाची गोडी आहे, ज्याचा हात स्थिर आहे, ज्यास नेमस्तपणा आवडतो आणि दुखणाईत माणसाजवळ बसण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें आपलें दान जमिनींत पुरून ठेवूं नये. यंदा निकालाच्या दिवशीं घरांत 'आतां पुढें काय?' हा प्रश्न निघेल, तेव्हां त्यानें आईबापांपुढें या तिसऱ्या वाटेचाही विचार ठेवावा. आणि आईबापांनीं तो शांतपणें ऐकून घ्यावा, एवढीच विनंति.